जुन्या ट्रॅक्टरांची ओळख : सारख्या दिसणाऱ्या मॉडेलांमधील भेदांचा आढावा

जुना ट्रॅक्टर नेमका कोणत्या मॉडेलचा आहे हे ठरवण्याचे शास्त्र परदेशात बहुधा संग्राहकांच्या आणि प्रदर्शनांच्या गरजेतून वाढले. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पिंपळनेरसारख्या बाजारपेठेच्या गावी मात्र त्याची गरज पिस्टनच्या रिंगा मागवताना, आरसी बुक दुसऱ्याच्या नावावर करताना आणि जुन्या वाहनाचा भाव ठरवताना पडते. चाळीस-पन्नास वर्षे नांगरटीला, थ्रेशरला आणि कांद्याच्या ट्रॉलीला जुंपलेल्या ट्रॅक्टरचा रंग दोन-तीनदा बदललेला असतो, पुढची जाळी दुसऱ्याच वाहनाची असू शकते आणि बॉनेटवरची नावाची पट्टी केव्हाच निघून गेलेली असते. तरीही सुट्या भागांच्या दुकानात पहिला प्रश्न ‘मॉडेल कोणते?’ हाच असतो आणि त्याचे उत्तर एका आकड्याने चुकले तरी घरी आणलेला भाग बसत नाही. म्हणून मॉडेलची खूण रंगात आणि अक्षरांत शोधण्याऐवजी ओतीव लोखंडावरील क्रमांकांत, गिअरांच्या संख्येत आणि सिलिंडरच्या मापांत शोधावी लागते, आणि तिथेही एका खुणेवर विसंबून चालत नाही.

सारखेपणाचे मूळ भारतीय ट्रॅक्टर उद्योगाच्या जन्मातच आहे. १९६० पर्यंत देशातील ट्रॅक्टर जवळजवळ सर्वच आयात केलेले होते. त्यानंतर जे कारखाने उभे राहिले, त्यांतील बहुतेकांनी परदेशी कंपनीशी सहकार्याचा करार करून तिचे एखादे सिद्ध झालेले मॉडेल येथे बनवायला घेतले. फरिदाबादच्या आयशरने जर्मनीतील त्याच नावाच्या कंपनीचे, मद्रासच्या ‘ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट’ म्हणजेच टॅफेने मॅसी फर्ग्युसनचे, एस्कॉर्ट्सने प्रथम पोलंडच्या उर्सुसचे आणि १९७१ पासून फोर्डचे, तर पिंजोरच्या एचएमटीने त्याच सुमारास चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचे तंत्र घेतले. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची घटना १९६३ ची आहे. त्या वर्षी महिंद्रा अँड महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन केली. मुंबईत कांदिवलीला ‘बी-२७५’ बनू लागला आणि १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. पंजाब ट्रॅक्टर्सचा ‘स्वराज ७२४’ हा या परंपरेला ठळक अपवाद होता, कारण १९७४ मध्ये बाजारात आलेल्या या ट्रॅक्टरचा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत तयार झाला होता. त्याच्या इंजिनाचे नाते पुण्याच्या किर्लोस्करांशी होते.

या इतिहासाचा ओळखीवर झालेला परिणाम पुरेसा लक्षात घेतला जात नाही. इंग्लंडमध्ये एखादे मॉडेल आठ-दहा वर्षे चालून बंद पडे आणि त्याच्या जागी नवे येई, त्यामुळे तिथल्या ग्रंथांत मॉडेल ओळखले की निर्मितीचा काळही जवळपास ठरतो. भारतात तेच मॉडेल मूळ देशात बंद झाल्यावरही वर्षानुवर्षे बनत राहिले, आणि नाव कायम ठेवून आतले भाग बदलत गेले. बी-२७५ इंग्लंडमध्ये १९५८ साली आला आणि सुमारे दहा वर्षांत थांबला, पण त्याच नावाचा महिंद्रा ट्रॅक्टर खानदेशातल्या शेतकऱ्याने त्यानंतर बऱ्याच वर्षांनी नवा कोरा घेतलेला असू शकतो. इंग्रजी पुस्तकातली सनावळी अशा ट्रॅक्टरला लावली, तर नाव बरोबर येते आणि वय साफ चुकते. इथे भेद करायचा असतो तो एका मॉडेलचा दुसऱ्याशी, आणि तितकाच एका नावाच्या जुन्या रूपाचा नव्या रूपाशी.

पहिले घराणे फर्ग्युसनचे. हॅरी फर्ग्युसन यांच्या आराखड्यानुसार कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात बनलेल्या ‘टीई-२०’ या राखाडी ट्रॅक्टरांची संख्या पाच लाखांहून अधिक भरली. या नावातील ‘टीई’ म्हणजे इंग्लंडमध्ये बनलेला ट्रॅक्टर; त्यापुढे येणारे तिसरे अक्षर इंधन आणि इंजिन सांगते. ‘टीईए’ पेट्रोलवर चालणारा, ‘टीईडी’ हा पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलसारख्या जड तेलावर नेण्याचा, आणि १९५१ मध्ये आलेला ‘टीईएफ’ डिझेलचा. बांधा तिन्हींचा एकच असल्यामुळे दहा पावलांवरून ते वेगळे सांगता येत नाहीत, पण बॉनेट उचलले की शंका राहत नाही. पेट्रोलच्या इंजिनावर कार्बुरेटर आणि प्लगच्या जाड वायरी असतात, जड तेलाच्या ट्रॅक्टरला इंधनाचे दोन कप्पे असतात, तर डिझेलच्या इंजिनावर पंपापासून नोझलपर्यंत जाणाऱ्या चार बारीक पोलादी नळ्या दिसतात. नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारा भाग. प्रत्येक सिलिंडरला एक असल्यामुळे या नळ्या मोजणे ही जुन्या डिझेल ट्रॅक्टरच्या ओळखीतील सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी फसवणारी कसोटी आहे.

हीच कसोटी पुढच्या पिढीत निर्णायक ठरते. टीई-२० नंतर १९५६ मध्ये आलेला ‘फर्ग्युसन ३५’ राखाडी आणि सोनेरी रंगात होता. मॅसी-हॅरिस आणि फर्ग्युसन या कंपन्या १९५३ मध्येच एकत्र आल्या होत्या, आणि १९५७ अखेर त्याच ट्रॅक्टरला लाल-राखाडी रंग आणि ‘मॅसी फर्ग्युसन ३५’ हे नाव मिळाले. रंग बदलला तरी आतले स्टँडर्ड कंपनीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन तेच राहिले. थंडीत सुरू व्हायला त्रास देणारे म्हणून ते कुप्रसिद्ध होते, आणि १९५९ मध्ये त्याच्या जागी पर्किन्सचे तीन सिलिंडरचे इंजिन आले. म्हणजे दोन लाल मॅसी ३५ शेजारी उभे असले आणि बाहेरून एकसारखे असले, तरी एकावर चार नळ्या आणि दुसऱ्यावर तीन असू शकतात, आणि त्यांच्या इंजिनांतला एकही महत्त्वाचा भाग एकमेकांत चालत नाही. पर्किन्सच्या या इंजिनाचे नाव ‘३-१५२’ असे आहे. त्यातला पहिला आकडा सिलिंडरांचा, तर १५२ ही त्यांची एकत्रित घनक्षमता घन इंचांत, म्हणजे सुमारे अडीच लिटर. टॅफेचा ‘१०३५’, ज्याला सर्वजण ‘दहा-पस्तीस’ म्हणतात, तो याच ३५ च्या वंशातला आहे. त्याचे इंजिन पर्किन्सशी सहकार्य असलेल्या चेन्नईच्या सिम्प्सनचे आहे. टीई-२० आणि ३५ यांच्यात गोंधळ झालाच, तर गिअर मोजावेत : टीई-२० ला पुढे जाण्याचे चार आणि मागे जाण्याचा एक, तर ३५ ला पुढचे सहा आणि मागचे दोन गिअर असतात.

गिअरांची संख्या इंटरनॅशनलच्या घराण्यातही उपयोगी पडते. ब्रॅडफर्डच्या कारखान्यात १९५६ मध्ये सुरू झालेल्या बी-२५० ला पुढचे पाच गिअर होते, तर त्यानंतरच्या बी-२७५ ला आठ. बी-२७५ आणि १९६१ मधील बी-४१४ यांच्यात मात्र प्रश्न नाजूक होतो. दोन्हींची इंजिने चार सिलिंडरची, दोन्हींचा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव चार इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटर, फरक आहे तो बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासात. पहिल्याचा बोअर सव्वातीन इंचांहून एक अष्टमांश जास्त, म्हणजे ८५.७ मिलिमीटर, आणि दुसऱ्याचा साडेतीन इंच, म्हणजे ८८.९ मिलिमीटर. या तीन मिलिमीटरच्या फरकामुळे एकाची घनक्षमता १४४ आणि दुसऱ्याची १५४ घन इंच होते, पण बाहेरच्या ब्लॉकवरून तो डोळ्यांना दिसत नाही. घासलेल्या सिलिंडरचे माप घेताना ही बाब विशेष जपावी लागते. झिजेमुळे आणि रिबोअरिंगमुळे व्यास मूळ मापापेक्षा वाढलेला असतो, आणि मूळ माप कोणते हे आधी ठाऊक नसेल तर झीज किती आणि मॉडेलचा फरक किती हे वेगळे काढता येत नाही. रिज, म्हणजे पिस्टनची रिंग जिथपर्यंत पोहोचत नाही तो सिलिंडरच्या तोंडाचा न झिजलेला काठ, मोजावा. रिबोअर न झालेल्या इंजिनाचे जन्मजात माप तिथे शिल्लक असते.

मूळ इंग्रजी बी-२७५ च्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधील छोट्या कप्प्यात फवारले जाई, आणि तो कप्पा सुरुवातीला तापवण्यासाठी हीटर प्लग बसवलेले असत. पुढे महिंद्राच्या नावांत जे ‘डीआय’ आले, ते थेट फवारणीचे निदर्शक आहे. दोनशे पंचाहत्तर हा आकडा दोन्हींवर असल्यामुळे बोलताना एकाच शब्दाने दोन वेगळ्या इंजिनांचा निर्देश होतो, आणि हेड गॅस्केट मागवताना हा घोटाळा उघडा पडतो. हेडच्या बाजूला हीटर प्लग किंवा त्यांच्या बुजवलेल्या जागा आहेत का, हे पाहणे एवढा एक उपाय पुरतो.

सर्वांत समृद्ध पुरावा फोर्डच्या घराण्यात सापडतो, आणि तो सविस्तर पाहण्याजोगा आहे. १९५७ मध्ये आलेला फोर्डसन डेक्स्टा हा निळ्या बॉनेटचा आणि केशरी चाकांचा लहान ट्रॅक्टर होता. त्याचे १४४ घन इंचांचे तीन सिलिंडरचे इंजिन पर्किन्सच्या आराखड्यावर बेतलेले होते, आणि त्यापुढच्या सुपर डेक्स्टाची क्षमता १५२ घन इंच झाली, म्हणजे मॅसी ३५ इतकीच. निळ्या आणि लाल ट्रॅक्टरांची इंजिने चुलतभावंडांसारखी का दिसतात, याचे कारण इथे आहे. १९६३ पासून फोर्डसनची केशरी चाके जाऊन राखाडी आली. मूळ रंगाचा पापुद्रा चाकाच्या आतल्या बाजूस नटांच्या आड टिकून राहिलेला असेल, तर काळ ठरवायला तो मदत करतो. त्यानंतर १९६४ च्या अखेरीस फोर्डने २०००, ३०००, ४००० आणि ५००० ही नवी मालिका आणली, आणि तीतले पहिले तीनही ट्रॅक्टर तीन सिलिंडरचे होते.

फोर्ड २००० आणि फोर्ड ३००० यांची डिझेल इंजिने हा सारखेपणाचा अगदी टोकाचा नमुना मानावा लागेल. दोन्हींचा बोअर ४.२ इंच. स्ट्रोक मात्र पहिल्याचा ३.८ आणि दुसऱ्याचा ४.२ इंच, त्यामुळे क्षमता अनुक्रमे १५८ आणि १७५ घन इंच. इंटरनॅशनलच्या जोडीत स्ट्रोक सारखा आणि बोअर वेगळा होता, इथे नेमके उलट आहे. म्हणून तिथे सिलिंडर मोजून जे कळते, ते इथे सिलिंडर मोजून कळत नाही. हेड काढून पिस्टन तळाला असताना आणि माथ्याला असताना खोली मोजली, तर दोन मापांतला फरक म्हणजे स्ट्रोक : साडेशहाण्णव मिलिमीटर भरला तर २०००, पावणेएकशे सात भरला तर ३०००. एस्कॉर्ट्सने फरिदाबादला बनवला तो ३०००. त्यानंतरचा ३६००, म्हणजे बोलीतला ‘छत्तीसशे’, मूळ फोर्डमध्ये त्याच १७५ घन इंचांच्या इंजिनावर उभा होता, आणि म्हणूनच एकाचे इंजिन दुसऱ्यात बसवण्याचा मोह गॅरेजला सहज होतो.

हेड उघडायचे नसेल, तर फोर्डच्या ओतीव भागांवरील क्रमांक वाचता येतो. ओतीव क्रमांक म्हणजे साच्यातच असलेली, लोखंडाबरोबर उठून आलेली अक्षरे; ती उंचवट्याची असतात, तर कारखान्यात ठशाने ठोकलेला क्रमांक खोलगट असतो, आणि हा भेद बोटांनाही कळतो. ग्रीसचा आणि मातीचा थर डिझेलने धुऊन, तारेच्या ब्रशने घासून, वर खडू फिरवला की उंचवट्याची अक्षरे पांढरी उठतात. तिथे समजा ‘सी५एनएन ६०१५’ असे दिसले, तर ‘सी’ म्हणजे १९६० चे दशक, ‘५’ म्हणजे सालाचा शेवटचा अंक, ‘एन’ ही अक्षरे ट्रॅक्टर विभागाची आणि ६०१५ हा सिलिंडर ब्लॉकचा मूळ क्रमांक. ‘बी’ पन्नाशीच्या, ‘डी’ सत्तरीच्या आणि ‘ई’ ऐंशीच्या दशकाचे अक्षर. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे : ही साल त्या भागाचा आराखडा मंजूर झाल्याची आहे, तो भाग ओतल्याची नव्हे, १९६५ चा आराखडा सत्तरीच्या दशकातल्या ट्रॅक्टरवरही दिसू शकतो.

प्रत्यक्ष जुळणीची तारीख इंग्रजी फोर्डवर वेगळ्या ठोकलेल्या संकेतात असते. ‘८एच१४बी’ यातला पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक, पुढचे अक्षर महिन्याचे, त्यापुढे तारीख आणि अखेरीस पाळी. महिन्यांना ‘ए’पासून क्रमाने अक्षरे दिली आहेत आणि आकड्याशी गल्लत होऊ नये म्हणून ‘आय’ वगळला आहे. त्यामुळे हा ट्रॅक्टर १४ ऑगस्टला दुसऱ्या पाळीत बाहेर पडला, हे निश्चित सांगता येते, पण साल १९६८ की १९७८ हे त्या एका अंकावरून सांगता येत नाही. दशकाचा निर्णय ओतीव क्रमांकातील अक्षरावरून करायचा. ब्लॉकवर ‘डी’ने सुरू होणारा क्रमांक असेल आणि ब्लॉक बदललेला नसेल, तर १९६८ बाद होते. दोन अपुरे पुरावे एकमेकांना पूर्ण करतात, ते असे.

झेटरच्या घराण्यात अडचण नावांतल्या आकड्यांची आहे. पहिल्या काळातील झेटर २५ चे ‘ए’ आणि ‘के’ असे दोन प्रकार होते, आणि ‘के’ हा ओळीतल्या पिकांत आंतरमशागत करण्यासाठी जमिनीपासून अधिक उंच ठेवलेला, चाकांमधील अंतर बदलता येणारा प्रकार होता. त्यानंतरच्या २०११, ३०११ आणि ४०११ या मालिकेत पहिला आकडा सिलिंडरांच्या संख्येशी जुळतो, त्यामुळे तोच नियम पुढेही चालेल असे वाटते. एचएमटीच्या २५११, ३५११ आणि ५९११ मध्ये मात्र पहिले दोन आकडे अश्वशक्तीशी जुळतात. ५९११ ला पाच नव्हे, चारच सिलिंडर आहेत. असा कोणताही नियम एका कंपनीचा दुसरीला लावता येत नाही. मॅसीच्या नावातील ३५ अश्वशक्तीच्या जवळपास आहे, बी-२७५ मधील आकड्याचा अश्वशक्तीशी किंवा सिलिंडरांशी काही संबंध नाही, आणि फोर्डचे ३००० हे केवळ मालिकेतले स्थान आहे. जुन्या आयशरबाबत मात्र फारसे लिहिण्याची गरज नाही : त्याचे इंजिन हवेने थंड होणारे आहे, रेडिएटर नाही आणि सिलिंडरवर थंडाव्यासाठी ओतलेल्या पातळ कडांचे थर दिसतात, त्यामुळे तो पाण्याच्या इंजिनाच्या ट्रॅक्टरांत मिसळत नाही.

ज्या खुणांवर लोक सर्वाधिक भिस्त ठेवतात, त्या बहुतेक कमकुवत ठरतात. रंग दसऱ्याच्या आधी बदलता येतो. टायरचे माप तर दोन पद्धतींनी लिहिले जाते, कारण जुन्या पद्धतीचे ११-२८ तेच नव्या पद्धतीत १२.४-२८ असे छापले जाऊ लागले. हे ठाऊक नसेल, तर एकाच मापाची चाके वेगळ्या मॉडेलांची समजली जातात. रिव्हेटने बसवलेली क्रमांकाची पत्रापट्टी बॉनेटपेक्षा विश्वसनीय खरी, पण तीही काढून दुसरीकडे लावता येते, आणि मूळ रिव्हेटांच्या जागी स्क्रू दिसले तर तिच्यावरचा मजकूर ठोकलेल्या क्रमांकाशी पडताळल्याशिवाय ग्राह्य धरू नये. चेसिसवर ठोकलेल्या क्रमांकाच्या जागी घासल्याचा किंवा वेल्डिंगचा माग असेल, तर प्रश्न ओळखीचा न राहता कायद्याचा होतो.

कागदपत्रांच्या बाबतीत खानदेशात काही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. धुळ्याच्या परिवहन कार्यालयाचा संकेत एमएच-१८ आणि जळगावचा एमएच-१९ आहे. ही दोन अंकी जिल्हा-संकेतांची पद्धत १९८९ पासूनची, त्यामुळे त्याआधी पासिंग झालेल्या ट्रॅक्टरच्या पाटीवर जुनी अक्षरमाला असते, आणि जुना ट्रॅक्टर नंतर नव्याने नोंदवला गेला असेल तर पाटी त्याच्या वयापेक्षा तरुण दिसते. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून पिंपळनेरच्या पलीकडे नवापूरच्या बाजूला जन्म गेलेल्या ट्रॅक्टरवरही एमएच-१८ असणे अगदी स्वाभाविक आहे. आरसी बुकातील निर्मितीचे वर्ष आणि पासिंगचे वर्ष या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मूलभूत बदल करायला परवानगी लागते आणि तो नोंदवावा लागतो, त्यामुळे बदललेल्या इंजिनाचा क्रमांक बुकात नसेल, तर पुस्तकातले मॉडेल खरे असूनही समोरचे इंजिन त्या मॉडेलचे नसते. तांत्रिक तपशिलासाठी नर्मदेच्या पलीकडे मध्य प्रदेशात बुदनी येथील केंद्रीय संस्थेचे चाचणी अहवाल हा मोलाचा आधार आहे. १९५५ मध्ये प्रशिक्षण केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत १९५९ पासून ट्रॅक्टरांची चाचणी होते, आणि त्या अहवालांत भारतीय रूपाची मापे मिळतात, जी इंग्रजी पुस्तकांत मिळत नाहीत.

या सगळ्यातून निघणारी अडचण अशी की, पिंपळनेरच्या परिसरात आज चालू असलेल्या जुन्या ट्रॅक्टरला बऱ्याचदा एकच मॉडेल नसते. गिअरबॉक्स आणि मागचा भाग फोर्ड ३००० चा, इंजिन छत्तीसशेचे, मडगार्ड स्थानिक लोहाराने ठोकलेले आणि जाळी भंगारातून आणलेली, असा ट्रॅक्टर खोटा ठरवणे अन्यायाचे आहे. तो ज्या हातांनी चालू ठेवला, त्या हातांची कारागिरी त्यात आहे. अशा वेळी ‘हा कोणता ट्रॅक्टर?’ या एका प्रश्नाचे तीन करावे लागतात : चेसिस कोणाचे, इंजिन कोणाचे आणि हायड्रॉलिक लिफ्ट कोणाची. लिफ्टचा प्रश्न अनेकदा राहून जातो, पण नांगर उचलणारे मागचे हे यंत्र स्वतंत्र कवचात असल्यामुळे तेही अदलाबदल होते, आणि त्याचे सील मागवताना तेच मॉडेल सांगावे लागते.

अनुभवी मिस्त्रींच्या डोक्यात ही तिन्ही उत्तरे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरगणिक साठवलेली असतात, आणि बहुधा कुठेही लिहिलेली नसतात. आरसी बुकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कागद ठेवून त्यावर चेसिस, इंजिन आणि लिफ्ट यांचे ओतीव व ठोकलेले क्रमांक, मोजलेला बोअर आणि स्ट्रोक, शेवटच्या रिबोअरिंगचे माप आणि तारीख लिहून ठेवली, तर पुढच्या मालकाला हेड उघडावे लागणार नाही. हा कागद तयार करण्याची योग्य वेळ म्हणजे इंजिन कामासाठी खाली उतरवलेले असते ती, कारण तेव्हाच ब्लॉकची एरवी झाकलेली बाजू उजेडात असते.